पास झालेली बाटली

दारात उभं राहून कोणी हसत हसत काही फुकट पुढं केलं, की नमुनासाहेबांचा हात आपोआप पाठीमागं जायचा. सगळी नोकरी अन्नतपासणी खात्यात गेलेली. दुधाचे, तेलाचे, पिठाचे नमुने घेत ते शहरभर हिंडले होते, आणि जो दुकानदार जास्त हसतो त्याच्या गोदामात आधी शिरायचं, हे त्यांना अनुभवानं पाठ झालं होतं. निवृत्त होऊन बराच काळ लोटला तरी इमारतीत त्यांना सगळे नमुनासाहेबच म्हणत. यात आदर किती आणि दुसरं काही किती, असा संशय त्यांना अधूनमधून यायचा, पण ते प्रकरण त्यांनी अजून तपासाला घेतलं नव्हतं.

त्या सकाळी दारात आरोग्य केंद्राची सेविका उभी होती. खांद्याला भलीमोठी पिशवी, चपलेचा एक पट्टा सुटलेला, जिने चढून दम लागलेला. आपलं म्हणणं तिनं इतक्या दारांत सांगितलं होतं की त्यात श्वास घ्यायला जागा उरली नव्हती. पन्नाशी ओलांडलेल्या सगळ्यांची मोठ्या आतड्याच्या कॅन्सरसाठी तपासणी चालू आहे, ही बाटली घ्या, शौचाचा चिमूटभर नमुना यात घालून केंद्रावर आणून द्या, डोळ्यांना न दिसणारं रक्त त्यात आहे का ते प्रयोगशाळा बघेल, काही त्रास नसला तरी द्या, कारण त्रास सुरू होईपर्यंत बरेचदा उशीर झालेला असतो.

साहेबांनी बाटली घेतली नाही. आपल्या पोटात काय चाललंय याची सरकारी खात्याला इतकी काळजी कधीपासून वाटायला लागली, असं त्यांनी विचारलं. सेविका म्हणाली, खात्याला नाही हो, डॉक्टरांना वाटते. हे उत्तर साहेबांना जरा जास्तच तयार वाटलं.

मग तिनं प्रश्न विचारायला घेतले. सिगरेट? नाही. दारू? नाही. चालणं? रोज सकाळी. वजनाचं तिनं विचारलंच नाही, नुसतं वरपासून खालपर्यंत पाहिलं, आणि साहेबांची छाती फुगणं शक्य होतं तेवढी फुगली. भाज्या, फळं किती खाता, असं तिनं विचारलं तेव्हा मात्र साहेबांनी घसा साफ केला. भाजी कुठल्या पाण्यावर वाढते हे त्यांनी डोळ्यांनी पाहिलं होतं. फळं कशानं पिकवतात हे पाहिलं होतं. जाडंभरडं पीठ म्हणून काय दळतात, त्यावर तर त्यांनी खात्यात व्याख्यान दिलं होतं. तेव्हा गेली कित्येक वर्षं त्यांच्या ताटात फक्त सीलबंद माल पडत असे. मैद्याचा पाव, डब्यातलं खारवलेलं मांस, पाकिटातले सॉसेज. प्रत्येकावर बॅच नंबर, तारीख आणि कारखान्याचा पत्ता. सेविका म्हणाली, म्हणजे भाजी नाही, आणि डब्यातलं मांस रोज. तिचा सूर साहेबांना आवडला नाही.

शेवटचा प्रश्न, घरात कोणाला पोटाचा मोठा आजार होता का. साहेब "नाही" म्हणाले. स्वयंपाकघराच्या दारात उभ्या असलेल्या बायकोनं त्यांच्याकडे पाहिलं. साहेबांचे वडील याच वयात पोट धरून आडवे झाले ते परत उठले नाहीत. काय झालं होतं ते कोणी तपासलंच नव्हतं, आणि सिद्ध न झालेली गोष्ट साहेब तोंडातून काढत नसत. खरं सांगायचं तर त्या वयाला पोचल्यापासून पोटात जरा गुरगुरलं तरी साहेबांना भीती वाटायची, आणि ती भीती कुणाला कळू नये म्हणून ते जास्तच ताठ बसायचे.

बायकोनं पुढं होऊन त्यांची आणि स्वतःची अशा दोन बाटल्या घेतल्या. सेविका तिसरी बाटली काढत वरच्या मजल्यावर गेली. तिथं साहेबांचा मेव्हणा राहत होता.

ती गेल्यावर साहेबांनी आपली बाटली खिडकीपाशी नेऊन उजेडात धरली. बोटाएवढी बाटली, तळाशी थोडं पाणी, झाकणाला आतून खाचा पाडलेली काडी, अंगावर नाव आणि फोन नंबर. काडी टोचायची, आत घालायची, झाकण घट्ट करायचं, झालं. साहेबांना खरा धक्का बसला तो इथं. पंच नाहीत, सील करायला लाख नाही, दोरा नाही. ज्याच्यावर संशय आहे त्यानंच बंद दाराआड एकट्यानं स्वतःचा नमुना घ्यायचा, आणि स्वतःच नेऊन पोचवायचा. खात्यात असा कारभार असता तर या शहरात आजवर एकही दूधवाला सापडला नसता.

"अहो, तुमच्यावर कोणी खटला भरलेला नाही," बायको म्हणाली. तिनं स्वतःचं काम दुसऱ्याच सकाळी उरकलं, शिवणाच्या वर्गाला जाता जाता बाटली केंद्रावर टाकली, आणि संध्याकाळी त्याविषयी एक शब्द काढला नाही. एवढी गंभीर बाब इतक्या पटकन निकालात काढणाऱ्या बाईबरोबर आपण जन्म काढला, याचं साहेबांना नवल वाटलं.

बाटली टेबलावर तशीच राहिली, आणि सल्ले यायला लागले. तळमजल्यावरचे निवृत्त कॅशियर बाटलीला हात न लावता सगळ्या बाजूंनी बघून म्हणाले, हे नमुने विमा कंपन्यांकडे जातात. कसे, ते सांगता येणार नाही, पण जातात. समोरच्या औषधवाल्यांनी आठवडाभर बीट खाऊ नका, असं सांगितलं. साहेब बीट गेल्या कित्येक वर्षांत खाल्लेलं नाही म्हणाले, तेव्हा मग खा, फरक कळेल, असं ते म्हणाले. कॅशियरांच्या बायकोचं मत, नमुना पौर्णिमेच्या आसपास देऊ नये. हे कशावरून, असं विचारल्यावर त्यांनी साहेबांकडे अशा काही नजरेनं पाहिलं की साहेबांनी तो मुद्दा सोडून दिला. पुढं कळलं की या तिघांनीही आपापल्या बाटल्या कपाटात दडवल्या होत्या, साहेब काय करतात ते बघून मग ठरवू म्हणून.

मेव्हण्याचं तसं नव्हतं. त्याचं टायरचं दुकान. सकाळी खुर्चीत बसला की रात्री दुकान बंद करायलाच उठायचा. पोट टेबलाला टेकलेलं, हातात सिगरेट, संध्याकाळी दोन पेले, आणि अंगात हसण्याचा मोठा साठा. सेविकेनं विचारलेल्या प्रत्येक प्रश्नाला तो मोठ्या आनंदानं "हो" म्हणाला होता. बाटली त्यानं चपलांच्या कपाटावर फेकून दिली होती.

"दाजी, मी पोटाच्या भानगडीत पडत नाही," तो म्हणाला, "आणि पोट माझ्या भानगडीत पडत नाही."

चपलांच्या कपाटावर आडव्या पडलेल्या त्या बाटलीकडे बघताना साहेबांच्या डोक्यात खात्यातली जुनी युक्ती जागी झाली. प्रयोगशाळेवरच संशय आला, की एकाच किटलीतलं दूध दोन बाटल्यांत भरायचं, दोन वेगळ्या दुकानांची नावं घालायची आणि मुकाट्यानं पाठवून द्यायचं. निकाल सारखे आले तर प्रयोगशाळा जागी आहे. वेगळे आले तर ती झोपलीय. या युक्तीनं त्यांनी एका प्रयोगशाळेची झोप उडवली होती, आणि तो दिवस त्यांच्या नोकरीतला सगळ्यात सुखाचा दिवस होता. तुला नको असेल तर ही मी नेतो, असं ते मेव्हण्याला म्हणाले. त्यानं विचारलंसुद्धा नाही कशाला.

दुसऱ्या दिवशी सकाळी साहेब संडासात गेले ते चष्मा, दोन बाटल्या, मेणबत्ती, काडेपेटी, लाखेची कांडी, दोरा आणि निवृत्तीच्या वेळी परत करायची राहून गेलेली पितळी मोहोर घेऊन. त्या जागेत एरवी एक माणूसच जेमतेम मावायचा. आत काय घडलं त्याचा तपशील देण्याचं कारण नाही. एवढंच सांगतो, की मोहोर एकदा खाली पडली, ती पडू नये तिथं पडता पडता वाचली, आणि लाख पेटल्यावर घरभर जळका वास सुटला.

"अहो, आत काय जळतंय?" बायकोनं बाहेरून विचारलं.

साहेब आतून म्हणाले, काही नाही, काम चालू आहे. बायको क्षणभर दाराशी उभी राहिली आणि निघून गेली. ती फार पटकन निघून गेली, असं साहेबांना वाटलं.

खात्याच्या नियमाप्रमाणे नमुन्याचा एक भाग राखीवही ठेवावा लागतो, वाद झालाच तर पुन्हा तपासता यावा म्हणून. साहेबांनी तो एका छोट्या डबीत घालून, वर लाख लावून, फ्रिजमध्ये लोण्याच्या मागं ठेवला. दुपारी मेव्हणा नेहमीप्रमाणं काही चरायला मिळतंय का ते बघायला खाली आला आणि थेट फ्रिजशी गेला. डबीला मोहोर बघून त्याला वाटलं, बाहेरून कोणीतरी भारीतलं चीज पाठवलंय. तो सुरी शोधत असताना साहेबांच्या तोंडून असा आवाज निघाला की शेजारच्या खोलीतून बायको धावत आली. काय आहे ते तिला कळलं. तिनं डबी चिमटीत धरून संडासात नेली, पाणी ओतलं, हात दोनदा धुतले, मग लोणीही फेकलं, आणि त्यानंतर फ्रिज आतून बाहेरून पुसायला घेतला. राखीव नमुन्याशिवाय खटला उभा राहत नाही हे तिला सांगावं असं साहेबांच्या मनात आलं होतं, पण ती ज्या पद्धतीनं फडकं पिळत होती ते बघून त्यांनी ते मनातच ठेवलं.

आरोग्य केंद्रावर नमुने घ्यायच्या खिडकीत एक जांभया देणारा कारकून होता. त्यानं लाख लावलेल्या बाटल्या बघितल्या आणि जांभई अर्धवट सोडली. झाकण यंत्रात उघडतं, हे असलं काही चालत नाही, काढून द्या, असं तो म्हणाला. मोहोर न्यायाधीशासमोरच फोडायची असते, हे साहेबांनी त्याला सांगून पाहिलं. न्यायाधीश आज आलेले नाहीत, असं तो म्हणाला. शेवटी साहेब खिडकीला टेकून घराच्या किल्लीनं लाख खरवडत उभे राहिले. मागच्या रांगेत सगळ्यांच्या हातात छोट्या, स्वच्छ, बिनलाखेच्या बाटल्या होत्या, आणि सगळे शांतपणे साहेबांकडे बघत होते. ज्या हातानं शहरातल्या मोठमोठ्या डेअऱ्या बंद पाडल्या, त्या हातावर हे दिवस आले होते.

"ही दुसरी कोणाची?" कारकुनानं विचारलं.

मेव्हण्याची, असं साहेब म्हणाले. त्यात खोटं काही नव्हतं. बाटली मेव्हण्याचीच होती. आतला माल कोणाचा, हे कारकुनानं विचारलं नाही, आणि न विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर देऊ नये हे साहेबांना साक्षीच्या पिंजऱ्यानं शिकवलं होतं.

काही दिवसांनी साहेबांच्या फोनवर निरोप आला. आपल्या नमुन्यात रक्त आढळले नाही. साहेबांना हायसं वाटलं, आणि लगेच हायसं वाटल्याचा रागही आला. त्यांना काय, सगळ्यांनाच हेच पाठवत असतील. ते आरामखुर्चीत बसून असा विचार करत होते, इतक्यात जिन्यावर धाडधाड पावलं वाजली आणि मेव्हणा फोन नाचवत आत आला. हसून हसून त्याच्या डोळ्यांतून पाणी येत होतं.

"दाजी, मी काही दिलंच नाही, आणि यांना त्यात रक्त सापडलं."

साहेब खुर्चीतून उठायला गेले आणि अर्ध्यावरच राहिले. मेव्हणा तोवर जिन्यात पोचला होता. केंद्रावरून बाईंचा फोन आला होता, तुमच्या नमुन्यात रक्त आहे, दुर्बिणीच्या तपासणीसाठी या म्हणून. कुठला नमुना? कसला नमुना? आपण बाटलीचं झाकणसुद्धा उघडलेलं नाही. खालून कॅशियर आले, समोरून औषधवाले आले, आणि घटकाभरात सगळ्या इमारतीला कळलं की केंद्रवाले हवेत रक्त शोधतात. ती बाटली दाजींनी नेली होती, हे मेव्हणा केव्हाच विसरून गेला होता. कॅशियर साहेबांचा हात हातात घेऊन म्हणाले, तुम्ही एकटे शहाणे निघालात, पहिल्या दिवसापासून तुम्हाला वास आला होता. लोकांनी कपाटातल्या बाटल्या बाहेर काढल्या आणि सेविका आली की तिच्या अंगावर टाकायच्या म्हणून दारापाशी मांडून ठेवल्या.

ज्या दिवसाची साहेबांनी आयुष्यभर वाट पाहिली होती तो हा दिवस. सगळ्या इमारतीचा एकमतानं संशय, आणि त्याचा मान साहेबांकडे. फक्त तो मान घेताना त्यांनी आपला हात हळूच सोडवून घेतला. ती बाटली रिकामी नव्हती हे एकट्या त्यांना माहीत होतं. प्रयोगशाळा झोपलेली असेल, पण झोपेतसुद्धा नसलेलं रक्त दिसायला काहीतरी कारण लागतं.

सेविका दुसऱ्या दिवशी आली तेव्हा खालच्या आवारात लोकांनी तिला घेरलंच. ती काही फार हुशारीनं बोलली नाही. आधी म्हणाली, चूक झाली असेल. मग म्हणाली, माझ्याकडून नाही झाली. मग पिशवी पोटाशी धरून ती नुसतंच म्हणत राहिली, बाटली आली होती हो, भरलेली होती, मी स्वतः पेटीत ठेवली. कॅशियर म्हणाले, हिच्यावर तक्रार गेली पाहिजे, आणि ती साहेबांनीच लिहायला पाहिजे, त्यांच्यासारखं कलमांवर बोट ठेवून कोणाला लिहिता येणार. सगळ्यांनी माना डोलावल्या. सेविकेनं वर खिडकीकडे पाहिलं. साहेब खिडकीतून आत सरकले.

तक्रार लिहायला ते दुपारी बसले, आणि कोऱ्या कागदासमोर तसेच बसून राहिले. बायको शिवणाच्या वर्गाहून आली, चहा ठेवला, आणि समोर येऊन बसली. पाव तसाच पडला होता. आज त्यांनी वर्तमानपत्रातल्या चुकासुद्धा काढल्या नव्हत्या.

"त्या दिवशी तुम्ही खिशातून दोन बाटल्या नेल्यात," ती म्हणाली. "दुसरीत काय होतं?"

साहेबांनी सगळं सांगितलं. सांगता सांगता त्यांचा आवाज बारीक होत गेला, आणि शेवटी त्यांनी घाईघाईनं जोडलं, पण माझ्या नावाची बाटली पास झालीय, म्हणजे एक पास, एक नापास, यावरून काहीच सिद्ध होत नाही.

जेवायला येणाऱ्या प्रत्येक पाहुण्याला साहेब एक गोष्ट हमखास ऐकवत, आणि तिनं ती इतक्यांदा ऐकली होती की तिला त्यातले श्वाससुद्धा पाठ होते. एका दूधवाल्याच्या एकाच किटलीतल्या दोन बाटल्यांपैकी एक पास झाली होती, एक नापास. तो हात जोडून म्हणत होता, साहेब, दुसरी पास झालीय की. आणि साहेबांनी त्याला जे उत्तर दिलं त्यावर पाहुणे नेहमी हसत.

"त्या दूधवाल्याला तुम्ही काय म्हणाला होतात?" तिनं विचारलं.

साहेब कागदाकडे बघत राहिले.

"म्हणा की. रोज म्हणता."

"पास झालेली बाटली तू पी," साहेब म्हणाले. "मी नापास झालेली बघतो."

मग ती रडली. फार नाही, पदर डोळ्यांना लावून थोडंसं. तुमच्या वडिलांच्या वेळी कोणाला कळलं नाही, असं ती म्हणाली, आता कळलंय तर मला फसवू नका. साहेबांना त्या क्षणी फार भीती वाटली, आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदाच ती त्यांनी तिच्यापासून लपवली नाही. थोड्या वेळानं ती उठली, तोंड धुतलं, आणि म्हणाली, त्या पोरीला सगळे खोटी म्हणताहेत, ते आधी निस्तरा.

संध्याकाळी आवारात तक्रार ऐकायला झाडून सगळे जमले. सेविकेलाही कॅशियरांनी मुद्दाम बोलावून घेतलं होतं. कबुली देण्याची सवय साहेबांना नव्हती, अहवाल देण्याची होती, म्हणून त्यांनी अहवालच दिला. सदर इसमाने सदर तारखेस स्वतःच्या एकाच नमुन्यातून दोन बाटल्या भरल्या, पैकी एक स्वतःच्या नावे आणि दुसरी नातेवाइकाच्या नावे, नातेवाइकास अंधारात ठेवून जमा केली, सबब प्रयोगशाळेचा आणि सेविकेचा यात कोणताही दोष आढळत नाही. लोकांना सदर इसम कोण ते कळायला जरा वेळ लागला. कळलं तेव्हा कॅशियरांनी साहेबांचा काल धरलेला हात आठवून आपला हात खिशात घातला. औषधवाले खोकले. मेव्हणा मोठ्यानं हसायला लागला, आणि हसता हसता त्याचा चेहरा बदलला.

"म्हणजे दाजी," तो म्हणाला, "रक्त तुमचं?"

सेविकेनं पिशवी खाली ठेवली. ती साहेबांवर चिडायला आली होती हे तिच्या तोंडावर दिसत होतं, पण ती एवढंच म्हणाली, उद्या सकाळी केंद्रावर या, मी चिठ्ठी करून ठेवते, आणि या वेळी स्वतःच्या नावानं या.

दुर्बिणीच्या तपासणीआधी आतडं रिकामं करावं लागतं. त्यासाठी पाण्यात पूड कालवून मोठा जग संपवायचा होता. साहेबांनी पुडीवरचा बॅच नंबर वाचला, तारीख वाचली, कारखान्याचा पत्ता वाचला, आणि त्यात काहीच संशयास्पद न सापडल्यामुळं त्यांना ते प्यावंच लागलं. पुढं जे झालं त्याबाबत एवढंच, की मेव्हणा दुकान बंद ठेवून दिवसभर त्यांच्या घरी बसला, संडासाचं दार कोणी अडवू नये म्हणून पहारा देत. दर वेळी साहेब बाहेर आले की तो पुढचा पेला हातात द्यायचा. त्या दिवसात त्यानं एकदाही विनोद केला नाही. सिगरेट ओढायलाही तो वर गेला नाही, याची साहेबांनी मनातल्या मनात नोंद घेतली.

डॉक्टरीणबाई वयानं लहान आणि घाईत होत्या. औषध टोचण्याआधी साहेबांनी विचारलं, एकाच नमुन्याचे निकाल दोन कसे. त्या म्हणाल्या, रक्त काही दुधात साखर विरघळते तसं सगळीकडे सारखं मिसळत नाही, एका कोपऱ्यात असतं आणि दुसऱ्यात नसतं, रोज येतंच असंही नाही. साहेब विचारात पडले. नमुना घेण्याआधी किटली ढवळून घ्यायची, हे आयुष्यभर त्यांनी प्रत्येक नवख्या निरीक्षकाला शिकवलं होतं. ढवळण्याचा प्रश्न या वेळी मात्र त्यांच्या मनात आला नव्हता, आणि आला असता तर काय केलं असतं या विचारानं त्यांनी घाईघाईनं विषय बदलला. मग त्यांनी खाण्यापिण्याचं सगळं सांगितलं, सीलबंद डब्यांसकट. डॉक्टरीणबाईंनी हातमोजे चढवता चढवता मान वर केली आणि विचारलं, इतकी वर्षं? साहेब म्हणाले, इतकी वर्षं. भेसळ टाळायला गेलात आणि भाजीच टाळलीत, असं म्हणून त्या सुईकडे वळल्या. हत्यारं सीलबंद आहेत ना, असं विचारायच्या बेतात साहेब होते, तेवढ्यात त्यांना झोप लागली.

आतड्यात एक पॉलिप निघाला. अस्तरावर उगवलेली गाठ, द्राक्षाएवढी. ती तिथल्या तिथं कापून काढली आणि तपासायला पाठवली. निकाल येईपर्यंतचे दिवस साहेबांनी कसे काढले ते त्यांच्या बायकोला विचारा. पहाटे ते उठून बसायचे आणि ती जागी आहे का बघायचे, आणि ती जागीच असायची. प्रयोगशाळेवर संशय घ्यायचं मात्र त्यांना एकदाही सुचलं नाही. तिथल्या माणसानं नीट डोळे उघडे ठेवून बघावं, एवढंच त्यांच्या मनात यायचं.

निकाल आला. गाठ बिघडायला लागली होती, पण बिघाड गाठीतच होता, आणि गाठ पुरती निघाली होती. ठरल्या वेळी पुन्हा दुर्बीण, ताटात भाजी आणि जाडं पीठ, डबे बंद. डॉक्टरीणबाई हेही म्हणाल्या, की एकच बाटली दिली असतीत आणि ती पास झाली असती, तर पुढच्या फेरीपर्यंत कोणाला कळलं नसतं, आणि तोवर काय झालं असतं ते सांगता येत नाही. बाहेर आल्यावर साहेबांची मान हळूहळू ताठ व्हायला लागली. शेवटी माझ्या संशयानंच मला वाचवलं, असं ते म्हणाले. बायको म्हणाली, तुमच्या संशयानं तक्रारीचा कागद पुढं ओढला होता. साहेबांची मान परत जागेवर आली. वाटेत तिनं त्यांना भाजीच्या गाडीपाशी उभं केलं. साहेबांनी एक कोबी उचलला, उलटा केला, वास घेतला, आणि मग डोळे मिटून पिशवीत टाकला.

एक बाब राहिली होती. मेव्हण्याच्या नावावर साहेबांचा नमुना तपासला गेला होता, म्हणजे मेव्हण्याची तपासणी झालेलीच नव्हती. सेविका नवी बाटली घेऊन आली, पण ती तिनं मेव्हण्याच्या हातात दिली नाही. आधी साहेबांकडे बघून तिनं विचारलं, यात जे येईल ते यांचंच असेल ना. असं कोणी नोकरीत असताना विचारलं असतं तर साहेबांनी त्याला उभं जाळलं असतं. आज त्यांना प्रश्न अगदी रास्त वाटला. पंच म्हणून मी स्वतः दाराबाहेर उभा राहतो, असं ते म्हणाले. सेविका म्हणाली, तुम्ही नको, तुमच्या बायकोला उभं करा. शेवटी दोघांनाही उभं राहावं लागलं.

मेव्हणा आत गेला. हसला नाही. साहेब दाराबाहेर उभे, शेजारी बायको. लाख नव्हती, मोहोर नव्हती. आतून कडी लागली.

"दाजी, आहात ना बाहेर?"

"आहे."

"रक्त निघालं तर?"

"निघालं तर जग मी भरून देईन," साहेब म्हणाले. "दिवसभर तुझ्या दाराशी बसेन."



"आणि नाही निघालं तर?"

"तर पुढच्या फेरीला पुन्हा संशय घ्यायचा," साहेब म्हणाले, आणि भिंतीला टेकून उभे राहिले, कारण मेव्हण्याला वेळ लागणार असं दिसत होतं.